पुणे ते महाबळेश्वर सायकलीवरून : निघण्यापूर्वी ठरवावयाच्या गोष्टी

दिवाळी सरून हवेत गारवा आला, की पुण्यातील मित्रमंडळांतून सायकलीवर महाबळेश्वर गाठण्याचे बेत होऊ लागतात, आणि त्यांबरोबरच वाचकांच्या शंकाही आमच्याकडे येऊ लागतात. दरवर्षी त्या बहुतेक त्याच असतात. एका दिवसात हा पल्ला गाठता येईल काय, साधी सायकल चालेल काय, मंडळींपैकी दोघांना घाटाची सवय नसेल तर त्यांना न्यावे की वगळावे, मध्येच कोणाची शक्ती संपली तर काय करावे, आणि महामार्गावर एखाद्या वाहनाने धक्का दिला तर सायकलस्वाराला दाद मागता येते काय, असे हे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. परंतु आरंभीच एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पायांतील बळ कमी पडल्यामुळे फिसकटलेल्या सहली आमच्या पाहण्यात थोड्या आहेत. कोठे थांबावयाचे, कोणासाठी थांबावयाचे आणि कोठून माघारी फिरावयाचे, हे निर्णय घरी शांतपणे घेण्याऐवजी घाटाच्या मध्यावर, भुकेल्या व त्रासलेल्या मनःस्थितीत घेण्याची पाळी आल्यामुळे फिसकटलेल्या सहली मात्र पुष्कळ आहेत.

एक दिवस, की दोन?

स्वारगेटपासून महाबळेश्वरच्या बाजारापर्यंतचे अंतर सुमारे १२० किलोमीटर भरते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरांवर आणि महाबळेश्वर १,३५० मीटरांच्या आसपास असल्यामुळे दोहोंतील फरक कागदावर आठशे मीटरांचाच दिसतो. परंतु कात्रज व खंबाटकी येथे घाम गाळून मिळवलेली उंची पलीकडच्या उतारावर गमवावी लागते आणि पुढे पुन्हा मिळवावी लागते, म्हणून प्रत्यक्ष चढण या फरकाच्या जवळजवळ दुप्पट होते. वाटेचे टप्पे, स्वारगेटपासूनच्या स्थूल अंतरांसह, असे :

- कात्रजचा जुना बोगदा : १३ कि.मी.
- खेड-शिवापूर : २५ कि.मी.
- शिरवळ (नीरा ओलांडताच सातारा जिल्हा लागतो) : ५० कि.मी.
- खंबाटकीचा माथा : ६८ कि.मी.
- सुरूर फाटा (येथे महामार्ग सोडून उजवीकडे वळावे) : ७५ कि.मी.
- वाई : ८६ कि.मी.
- पसरणीचा घाट चढून पाचगणी : ९८ कि.मी.
- महाबळेश्वर : ११८ ते १२० कि.मी.

या यादीकडे नीट पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येईल, की दिवसातील सर्वांत दीर्घ चढण, जी बारा किलोमीटरांत सुमारे सहाशे मीटर उंच नेते, ती सर्वांत शेवटी, म्हणजे ८६ किलोमीटरांनी पाय शिणल्यानंतर, समोर उभी राहते. पसरणीचा घाट स्वतः काही फार उभा नाही; सकाळी वाईहून ताज्या पायांनी निघालेला बेताच्या तयारीचा मनुष्यही तो सहज चढतो. तोच घाट दुपारी तीन वाजता अवघड होतो. तेव्हा आपल्यापुढे तीन पर्याय आहेत.

*सर्व वाट एका दिवसात.* ज्यांनी गेल्या महिनाभरात एखादा घाट धरून ऐंशी किलोमीटरांची रपेट केली आहे आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे कामावर गेले आहेत, त्यांनीच हा पर्याय घ्यावा. पुणेकरांना याची परीक्षा घरच्या घरी घेता येते : खडकवासल्यावरून जाऊन सिंहगड सायकलीने चढावा, खाली उतरावे, आणि घरी परतण्यापूर्वी आणखी तीस किलोमीटर चालवावे. शेवटचे तीस किलोमीटर नकोसे झाले, तर पुढचा पर्याय पाहावा.

*पहिला मुक्काम वाईला.* सवयीचे व बिनसवयीचे मिळून जाणाऱ्या मंडळींना आम्ही निःसंकोचपणे हाच पर्याय सुचवितो. दुपारी वाई गाठावी, कृष्णेच्या घाटावर संध्याकाळ काढावी, ढोल्या गणपतीचे दर्शन घ्यावे, आणि जिज्ञासूंनी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली मराठी विश्वकोशाचे काम ज्या गावी उभे राहिले ते हेच, याचे स्मरण ठेवून गाव पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला घाटाला लागल्यास अकरापर्यंत महाबळेश्वर येते.

*वाईपर्यंत टेम्पोने, पुढे सायकलीने.* बत्तीस-चौतीस किलोमीटरांची ही वाट नवख्यांसाठी उत्तम आहे आणि तीत कमीपणा काहीच नाही.

मुंबईकडील काही वाचक पोलादपूरहून आंबेनळी घाटाने चढण्याचा विचार कळवितात. ते अंतर चाळीस किलोमीटरच असले, तरी जवळजवळ समुद्राच्या पातळीपासून बाराशे मीटरांहून अधिक चढावे लागते. तेव्हा अंतर कमी म्हणून वाट सोपी, असा हिशेब तेथे लागू पडत नाही.

ऋतूविषयी थोडक्यात : नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ योग्य होय. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या दिवसांत घाटात दहा पावलांवरचे दिसत नाही आणि वाहनचालकांनाही आपण दिसत नाही. पावसाळ्यात हा बेत करू नये.

सायकल : प्रथम दाते मोजा

साधी, बिनगिअरची सायकल चालेल काय, याचे उत्तर असे, की महाबळेश्वरपर्यंत ती पोहोचेल, परंतु पसरणीचा बराचसा भाग आपणांस ती ढकलीत न्यावी लागेल. अशा सायकलीची पुढची चकती मागच्या फ्रीव्हीलच्या दुपटीहून मोठी असते, म्हणून सपाटीवर ती वेगाने धावते व चढावर छातीवर येते. ढकलीत चालल्यास बारा किलोमीटरांना तीन तास धरावेत आणि दोन दिवसांचा पर्याय घ्यावा.

गिअरची सायकल असली म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. दुकानदार एकवीस किंवा चोवीस गिअर सांगतो. आपणांस काम पडणार आहे ते त्यांतील सर्वांत हलक्या एकाशी. सायकल उलटी उभी करून पुढच्या सर्वांत लहान चकतीच्या एका दात्यावर खडूची खूण करावी व दाते मोजावेत. तसेच मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे मोजावेत. पुढचे दाते मागच्यांइतके किंवा त्यांहून कमी असतील, तर आपण बसल्या बसल्या, श्वास न फुलू देता, घाट चढू शकाल. पुढे ३९ आणि मागे २५ अशी शर्यतीची सायकल असेल, तर गुडघ्यांवर पडणाऱ्या ताणाची कल्पना असलेल्या मनुष्याने मागची चकती निघण्यापूर्वी बदलून घ्यावी. हलके गिअर वापरणे म्हणजे दुर्बळपणा, ही समजूत जुनी आहे. फ्रान्समध्ये सायकल-पर्यटनाचा पाया घालणारे पॉल द व्हिवी (१८५३–१९३०) यांनी आयुष्यभर या समजुतीशी झुंज घेतली, तरी तूर द फ्रान्स या शर्यतीत साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारी यंत्रणा १९३७ साली प्रथम मान्य झाली. आपणांस शर्यत जिंकावयाची नसल्यामुळे हा संकोच बाळगण्याचे मुळीच कारण नाही.

सीटची उंची आदल्या आठवड्यातच तपासावी : पेडल खाली असता त्यावर टाच ठेवल्यास पाय सरळ झाला पाहिजे. सीट खाली असणे हे घाटात गुडघे दुखण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे. ब्रेकची रबरे झिजली असल्यास बदलावीत. सोबत घ्यावयाचे सामान फार नाही :

- प्रत्येकाच्या चाकाच्या मापाच्या दोन ट्यूब. शिवाय पंक्चरचे ठिगळ, सोल्यूशन, पॉलिश पेपर व टायर काढण्याच्या पट्ट्या
- हातपंप. ज्यांच्या ट्यूबला बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह आहे, त्यांनी जोडतोटी अवश्य घ्यावी, कारण महामार्गावरील दुकानांचा पंप त्यास बसत नाही
- पान्ह्यांचा संच व चेनचा जादा दुवा
- पुढे पांढरा व मागे तांबडा दिवा, चमकणारी बंडी, हेल्मेट

पंक्चरविषयी एक सूचना. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फाटलेल्या टायरांचे तुकडे पडलेले असतात, आणि त्यांतून सुटलेली, केसाएवढी बारीक पोलादी तार सायकलीच्या टायरात शिरून बसते. ती डोळ्यांना दिसत नाही. ट्यूब बदलून हवा भरली की अर्ध्या तासाने चाक पुन्हा बसते आणि मंडळी ट्यूबला दोष देऊ लागतात. म्हणून नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतल्या बाजूने बोटाची टोके सावकाश, दोन्ही दिशांनी फिरवावीत. जेथे बारीकसे टोचेल तेथे बाहेरून नखाने किंवा चिमट्याने तार उपटून काढावी. या कामी पाच मिनिटे गेली तर जाऊ द्यावीत.

खाणे आणि पाणी

भूक लागल्यावर खाणे हे घरी योग्य, सायकलीवर उशिराचे. दर तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी आणि एखादे केळे, राजगिऱ्याची वडी, चार-सहा खजूर किंवा शेंगदाणा-गुळाची चिक्की पोटात गेली पाहिजे, मग भूक असो वा नसो. न्याहारी शिरवळला पोटभर करावी, परंतु खंबाटकी पुढेच असल्याने तळलेले पदार्थ व तर्रीची मिसळ परतीच्या दिवसासाठी राखून ठेवावी. पोहे, उपमा, इडली, दहीभात हे उत्तम. लिंबू-मीठ-साखरेचे पाणी घरूनच करून न्यावे; अतिशय थकवा किंवा जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण लक्षात ठेवावे. वाईहून निघताना प्रत्येकापाशी दीड लिटर पाणी असल्याची खात्री म्होरक्याने स्वतः करावी, कारण पसरणीत दुकानांचा भरवसा धरता येत नाही.

पायांत गोळे येणे हा इशारा आहे. थांबावे, पाय ताणावा, मीठ-पाणी घ्यावे. परंतु उन्हात अंगावर काटा येणे, घाम थांबणे, बोलणे असंबद्ध होणे, छातीत जड वाटणे, यांपैकी काहीही झाल्यास त्या मनुष्याची त्या दिवसाची सायकल तेथेच संपली, असे समजून त्यास सावलीत निजवावे व वैद्यकीय मदत बोलवावी. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांची अनुज्ञा घेतल्यावाचून या वाटेला लागू नये.

सोबत्यांची व्यवस्था

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि पत्रांतून ज्याची सर्वांत कमी विचारणा होते तोही हाच.

सहा-आठ जण निघतात. कात्रजपर्यंत सगळे हसतखेळत एकत्र असतात. खेड-शिवापूर मागे पडले की पहिले तिघे दृष्टीआड होतात, मधले दोघे गप्पांत रमतात, आणि उरलेला एक, ज्याला आदल्या रात्री सर्वांनी मिळून "चल रे, काही होत नाही" म्हणून तयार केले होते, तो एकटा मागे राहतो. पुढचे शिरवळला पोहोचतात, चहा घेतात, पाय पसरून अर्धा तास बसतात. मागचा येतो. तो सायकल भिंतीला टेकवून पाण्याची बाटली तोंडाला लावतो न लावतो, तोच विश्रांतीने ताजे झालेले पुढचे उठतात आणि "आलास? चला, निघू या" म्हणून सायकलीवर बसतात. अशा रीतीने ज्याला विश्रांतीची सर्वांत अधिक गरज आहे, त्याला दिवसभरात सर्वांत कमी विश्रांती मिळते; आणि पसरणीच्या पायथ्याशी जेव्हा त्याचे पाय उचलत नाहीत, तेव्हा मंडळी त्याच्या तयारीला नावे ठेवतात. आमच्या मते येथे दोष व्यवस्थेचा असतो, आणि पुढील नियम पाळल्यास तो टाळता येतो :

१. थांबण्याच्या जागा नावानिशी ठरवाव्यात. "पुढे बघू कुठेतरी" असे म्हणू नये. विश्रांतीचा वेळ सर्वांत मागचा सोबती पोहोचून बसल्यापासून मोजावा, आणि तो पंधरा मिनिटांपेक्षा कमी नसावा. निघण्याची घोषणा त्यानेच करावी.

२. मंडळींपैकी एक सशक्त व शांत स्वभावाचा गडी नेहमी पिछाडीला असावा. हत्यारे व प्रथमोपचाराची पेटी त्याच्यापाशी असावी. कारण पुढे गेलेल्याच्या पाठीवरील पंप मागे पंक्चर झालेल्याच्या काहीच कामाचा नाही. हे काम टप्प्याटप्प्याने वाटून घ्यावे, म्हणजे कोणा एकाचा दिवस त्यात जाणार नाही.

३. सपाटीवर एकामागे एक चालवावे, जोडीने चालवू नये. घाटात मात्र प्रत्येकाने आपापल्या गतीने चढावे. दुसऱ्याच्या गतीने चढणे, मग ती अधिक असो वा कमी, दोघांनाही शिणविते. सोबत राखावयाची ती थांब्यांवर राखावी.

४. जेथे रस्ता फुटतो तेथे, विशेषतः सुरूर फाट्यावर व वाईतून घाटाकडे वळताना, शेवटचा मनुष्य दिसेपर्यंत पुढच्याने हलू नये. घाटाच्या वळणांत मोबाइलचा भरवसा धरू नये.

५. दमलेल्याशी खरे बोलावे. "हे वळण संपलं की आलंच!" असे चार वळणांवर चार वेळा सांगितले, की पाचव्या वळणावर त्याचा आपल्यावरचा विश्वास उडतो आणि त्याबरोबर त्याचे बळही जाते. "नाका अजून चार किलोमीटर आहे, आपण दोन किलोमीटरांवर थांबू," असे सांगितल्यास मनुष्य त्या दोन किलोमीटरांसाठी कंबर कसतो. त्याच्या पाठीवरील पिशवी न मागता घ्यावी. चालत्या सायकलीवरून त्याच्या पाठीला हात लावून ढकलू नये, दोघेही पडतात.

६. कोणालाही, कोणत्याही ठिकाणी, कारण न सांगता सहल सोडण्याची पूर्ण मुभा असावी, आणि ही गोष्ट आदल्या दिवशी सर्वांसमक्ष कबूल झालेली असावी. सोडणाऱ्यास एकटे न सोडता एकाने त्याच्याबरोबर जावे, आणि त्यासाठी लागणाऱ्या टेम्पोचे भाडे सामाईक वर्गणीतून द्यावे. भाडे आपल्या एकट्याच्या शिरावर पडेल या भीतीने माणसे नको तितकी ताणतात.

बिनसवयीच्या दोघांना न्यावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर आता आपल्या लक्षात आले असेल : हे सहा नियम पाळण्याची मंडळींची तयारी असेल तर अवश्य न्यावे, नसेल, तर त्यांना नेणे अन्यायाचे होईल. दहापेक्षा अधिक जण असल्यास दोन तुकड्या कराव्यात व प्रत्येकीस स्वतंत्र म्होरक्या नेमावा.

वेळेचा बंदोबस्त

डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. पहाटे साडेपाचला स्वारगेट सोडल्यास सामान्य गतीच्या मंडळींचा दिवस असा जातो : कात्रजचा जुना बोगदा पावणेसातला, शिरवळ नऊला, खंबाटकीचा माथा सव्वाअकराला, वाई साडेबाराला. वाईत जेवण व विश्रांतीसाठी दीड तास द्यावा. दोनला घाटास लागून चारपर्यंत पाचगणी, आणि साडेचारला तेथून निघून सहापर्यंत महाबळेश्वर. ताशी वेग फार दिसत नाही, परंतु लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांच्या ब्रेव्हे उपक्रमातही २०० किलोमीटरांसाठी साडेतेरा तासांची मुदत असते. म्हणजे सर्व थांबे धरून ताशी पंधरा किलोमीटरही पुरतात.

या वेळापत्रकात दोन मुदती अशा आहेत, की ज्यांत मित्रांच्या आग्रहाने बदल करू नये :

- वाई, दुपारी तीन. तीनपर्यंत घाटास लागला नाहीत, तर त्या दिवशी घाट चढू नये. वाईस मुक्काम करावा.
- पाचगणी, संध्याकाळी पाच. पाचनंतर पुढे जाऊ नये. पाचगणी ते महाबळेश्वर या वीस किलोमीटरांत चढ थोडा असला, तरी रस्ता वळणांचा आहे, सुट्टीच्या दिवसांत प्रवाशांच्या मोटारी दाटीने धावतात, आणि अंधाराबरोबर थंडी व कित्येकदा धुके उतरते. पाचगणीस राहण्याची सोय मुबलक आहे.

दोन्ही गावांतील एकेका उतारगृहाचा दूरध्वनी आधीच टिपून ठेवावा. सोय हाताशी असली, की थांबण्याचा निर्णय अर्धा सोपा होतो.

प्रत्यक्ष घाटांत

*कात्रज.* बाह्यवळणावरील नव्या बोगद्याच्या नादी न लागता जुन्या घाटाने जावे. जुना बोगदा अरुंद व अंधारी आहे. दिवे लावूनच आत शिरावे आणि मध्ये थांबू नये.

*खंबाटकी.* पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी वाहतूक घाटाने चढते आणि उलट दिशेची बोगद्याने येते, त्यामुळे समोरून वाहन येण्याची भीती नाही. परंतु भरलेले ट्रक रांगेने रखडत चढत असतात. डाव्या कडेची पांढरी रेषा सोडू नये. काही तरुण ट्रकच्या फळीला किंवा साखळीला धरून चढतात. हे प्राणाशी खेळणे आहे आणि ज्या मंडळीत कोणी असे करील, तिच्या म्होरक्याने सहल तेथेच तहकूब करावी, इतके आमचे याविषयी स्पष्ट मत आहे. माथ्यावरून पलीकडे उतरताना सायकलींमधील अंतर किमान तीन-चार मोटारींच्या लांबीइतके राखावे, ब्रेक सतत दाबून न धरता थोडा वेळ दाबून थोडा वेळ सोडावेत, आणि वळणाच्या आधीच वेग कमी करावा, वळणात नव्हे.

*पसरणी.* शाहीर साबळ्यांचे हे गाव मागे पडताच चढ सुरू होतो तो दांडेघरच्या नाक्यापर्यंत. येथे एकच तत्त्व आहे : पहिल्या वळणापासूनच हलका गिअर लावावा, पाय दमल्यावर नव्हे. बरोबरीच्याशी दोन वाक्ये बोलता येतील इतकाच श्वास चढू द्यावा. वेग ताशी आठ किलोमीटर राहिला तरी दीड तासात माथा येतो. थांबावयाचे ते दरीकडील रुंद जागी. डोंगराच्या कुशीतील आंधळ्या वळणावर कदापि थांबू नये. चार-पाच वळणे चढून गेल्यावर उजव्या-डाव्या हाताला, वळण असेल त्याप्रमाणे, धोमच्या जलाशयाचे पाणी दिसू लागते. तेथे थांबण्याची लाज वाटू देऊ नये. इतके कष्ट करून ज्यासाठी आलो, ते हेच आहे. मात्र त्या जागी माकडांचा उपद्रव असतो. हँडलला लटकवलेली केळी ती उचलतातच, आणि हिसका बसून सायकल पडते; म्हणून खाद्यपदार्थ पिशवीत बंद ठेवावेत.

अपघात झाल्यास आपले हक्क

सायकलीस परवाना किंवा विमा लागत नाही म्हणून रस्त्यावर तिचा हक्क दुय्यम, असा समज वाहनचालकांत व दुर्दैवाने सायकलस्वारांतही आढळतो. तो खरा नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारखे जे रस्ते सायकलींना बंद आहेत ते सोडल्यास, या वाटेवरील महामार्गावरून जाण्याचा आपणांस अधिकार आहे, आणि सायकलीस टोल नाही.

धक्का लागून कोणी जखमी झाल्यास :

- ११२ (पोलीस) किंवा १०८ (रुग्णवाहिका) यांस कळवावे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावरही मदत मिळते.
- वाहनाचा क्रमांक, जागा व वेळ तत्काळ लिहावी, आणि सायकल हलविण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अन्वये जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणे व पोलिसांना वर्दी देणे हे चालकाचे कर्तव्य आहे.
- मदतीला धावलेल्या वाटसरूस पुढील चौकशीत अडकण्याची भीती वाटते. कलम १३४-अ ने अशा मदतकर्त्यास संरक्षण दिले आहे. हे त्यास सांगावे.
- २०२५ साली केंद्र शासनाने लागू केलेल्या योजनेनुसार मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीस नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख रक्कम न भरता उपचार मिळू शकतात. रुग्णालयात पोहोचताच याची विचारणा करावी.
- फिर्याद नोंदवून तिची प्रत घ्यावी. पंचनामा, वैद्यकीय दाखला व खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात. नुकसानभरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, आपण राहतो त्या ठिकाणच्या इलाख्यातही करता येतो. अर्ज सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. वाटाघाटीच्या आशेवर मुदत घालवू नये.
- वाहन पळून गेले व सापडले नाही, तरी गंभीर दुखापतीस ५० हजार व मृत्यूस दोन लाख रुपये, अशी भरपाईची तरतूद कायद्यात आहे.

जागच्या जागी दोन-पाचशे रुपये घेऊन प्रकरण मिटविण्याचा आग्रह होतो. हाड मोडल्याची किंवा डोक्याला मार लागल्याची शंका असल्यास तो मान्य करू नये. पुष्कळ दुखापती दुसऱ्या दिवशी बोलू लागतात.

पोहोचल्यावर, आणि परतीची तजवीज

महाबळेश्वरी पोहोचताच घामाचे कपडे बदलावेत. घामेजलेल्या अंगाला तेथील संध्याकाळची हवा बाधते. तासाभरात जेवावे. सायकलींची तपासणी त्याच रात्री उरकावी, विशेषतः परत सायकलीनेच उतरावयाचे असेल तर ब्रेकची रबरे व तारा पाहाव्यात, कारण पसरणीचा उतार ब्रेकची चढाहून कडक परीक्षा घेतो. सकाळी धुके विरल्यावर, म्हणजे आठनंतर, निघावे.

दमलेल्या मंडळींनी परतीसाठी टेम्पो करणे शहाणपणाचे आहे. तो मात्र पुण्याहूनच ठरवून यावे, कारण सुट्टीच्या दिवशी वर भाडे अडवून मागतात. दर ठरविताना सायकलींची व माणसांची संख्या, निघण्याची वेळ आणि वाटखर्च कोणाचा, हे तिन्ही लिहून घ्यावे. एस.टी.ने यावयाचे झाल्यास ज्या गाडीला टप आहे तीवरच सायकल चढविता येते, आणि तिचे भाडे सामान म्हणून वेगळे पडते. तेव्हा आगारात आधी चौकशी करून, वाहकाकडून सामानाची पावती घ्यावी. टपावर किंवा टेम्पोत सायकली ठेवताना पेडले काढावीत, चेनची बाजू वर येईल अशा बेताने आडव्या ठेवाव्यात, दोन सायकलींच्या मध्ये जुनी पोती घालावीत, आणि दोरी चाकाच्या आऱ्यांतून न ओवता फ्रेमला बांधावी.